तारीख की तिथी? बौद्ध सणांचे दिवस दरवर्षी का सरकतात

चौदा एप्रिल कधी आहे, असे कोणी विचारत नाही. सहा डिसेंबरचेही तसेच. पण "यंदा बुद्धपौर्णिमा कधी?" हा प्रश्न दरवर्षी पडतो. "धम्मचक्र प्रवर्तन दिन १४ ऑक्टोबरला करायचा की दसऱ्याला?" यावर तर वस्तीवस्तीत वाद होतात. गडमुडशिंगीसारख्या गावात हा वाद केवळ तात्त्विक राहत नाही. करवीर तालुक्यातल्या या गावातली तरुण मुले गांधीनगरच्या कापड बाजारात, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. तारीख चुकली की रजा चुकते, रजा चुकली की खाडा पडतो आणि त्या दिवसाचा पगार जातो. दोन मंडळांनी दोन वेगळे दिवस धरले, तर वर्गणीही दोनदा निघते आणि माणसेही वाटली जातात.

म्हणून हा विषय एकदा मुळापासून समजून घेऊ. यात श्रद्धेचा भाग थोडा आहे, हिशेबाचा भाग जास्त आहे.

सूर्याचे वर्ष आणि चंद्राचे वर्ष

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे ३६५ दिवस आणि पावणेसहा तास लागतात. ऋतू या फेरीशी बांधलेले आहेत. जानेवारी ते डिसेंबर ही आपली रोजची दिनदर्शिका सूर्यावर चालते. उरलेले तास भरून काढण्यासाठी दर चार वर्षांनी फेब्रुवारीत एक दिवस वाढवला जातो. त्यामुळे १४ एप्रिल नेहमी उन्हाळ्यातच येतो आणि ६ डिसेंबर थंडीतच.

चंद्राचा महिना म्हणजे एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंतचा काळ. तो सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो. असे बारा महिने धरले तर ३५४ दिवस होतात. म्हणजे चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान आहे. सगळा घोळ या ११ दिवसांचा आहे.

या फरकाचे काय करायचे, याची जगात तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर: चंद्राकडे बघायचेच नाही, फक्त सूर्य धरायचा. इंग्रजी कॅलेंडर असेच आहे.

दुसरे उत्तर: फक्त चंद्र धरायचा. मुस्लिम बांधवांचे हिजरी कॅलेंडर असे आहे. त्यामुळे मोहरम आणि ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरतात. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, ते यामुळेच. आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला मशिदीत पंजे आणि गणपती शेजारी बसतात, तो योग या सरकण्यातून येतो.

तिसरे उत्तर: महिने चंद्राचे ठेवायचे, पण मागे पडलेले दिवस साठले की एक महिना जास्तीचा घालून सूर्याला गाठायचे. याला चांद्र-सौर पद्धत म्हणतात. आपले चैत्र, वैशाख, ज्येष्ठ हे महिने असे चालतात. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो. गावात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात.

त्यामुळे चांद्र-सौर सण पूर्ण ऋतूतून फिरत नाही, पण एका जागी थांबतही नाही. दोन वर्षे ११-११ दिवस मागे जातो आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारतो. बुद्धपौर्णिमा २०२१ मध्ये २६ मे, २०२२ मध्ये १६ मे आणि २०२३ मध्ये ५ मे रोजी होती. त्यानंतर अधिक श्रावण आला आणि २०२४ मध्ये ती थेट २३ मेला गेली. २०२५ मध्ये १२ मे, २०२६ मध्ये १ मे. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंतच्या पट्ट्यात ती येत-जात राहते.

आणखी एक गंमत आहे. १९ सौरवर्षे आणि २३५ चांद्रमहिने यांची लांबी जवळजवळ सारखी आहे, फरक दोन तासांचा. त्यामुळे दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात. १९५६ ची बुद्धपौर्णिमा २४ मेला होती. १९ च्या तीन पट म्हणजे ५७ वर्षांनी, २०१३ मध्ये, ती २५ मेला आली.

आपले दोन प्रकारचे दिवस

महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजाची दिनदर्शिका नीट पाहिली तर तिच्यात दोन वेगळे धागे दिसतात.

पहिला धागा तारखेचा. १ जानेवारी (भीमा कोरेगाव, १८१८), ३ जानेवारी (सावित्रीबाईंची जयंती), २० मार्च (महाड, १९२७), ११ आणि १४ एप्रिल, २६ जून (राजर्षी शाहू महाराजांची जयंती), २६ नोव्हेंबर, ६ डिसेंबर, २५ डिसेंबर. कोल्हापूरकरांसाठी यात २१ व २२ मार्च १९२० च्या माणगाव परिषदेची भर पडते. हे दिवस अलीकडच्या इतिहासातले आहेत. त्यांच्या नोंदी कागदावर आहेत, आणि त्या इंग्रजी तारखांत आहेत.

दुसरा धागा पौर्णिमेचा. वैशाख पौर्णिमा म्हणजे बुद्धपौर्णिमा. ज्येष्ठ पौर्णिमेला महेंद्र थेर श्रीलंकेत पोहोचले, असे तिथली परंपरा सांगते. आषाढ पौर्णिमेला सारनाथचे पहिले प्रवचन आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षावास. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता. हे दिवस अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी नव्हते. भिक्खू आकाशातला चंद्र पाहून उपोसथ ठरवत.

समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर एक धागा लढ्याच्या स्मृतीचा आहे, दुसरा धम्माच्या परंपरेचा. एक धागा आपल्याला आधुनिक भारताशी जोडतो, दुसरा जगभरच्या बौद्धांशी. यातला कुठलाही एक तोडून चालणार नाही.

एकाच दिवसात दोन्ही धागे

धम्मचक्र प्रवर्तन दिनात हे दोन्ही धागे गुंफले गेले आहेत, म्हणून तिथेच वाद होतो. बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी विजयादशमी होती. समाजात तो दिवस अशोक विजयादशमी म्हणून ओळखला जातो. म्हणजे दिवस एकच होता, पण त्याला तारीखही होती आणि तिथीही. पुढच्याच वर्षापासून दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या.

गेल्या काही वर्षांतला दसरा आणि १४ ऑक्टोबर यांतले अंतर पाहा:

२०२०: २५ ऑक्टोबर, ११ दिवस नंतर
२०२१: १५ ऑक्टोबर, १ दिवस नंतर
२०२२: ५ ऑक्टोबर, ९ दिवस आधी
२०२३: २४ ऑक्टोबर, १० दिवस नंतर
२०२४: १२ ऑक्टोबर, २ दिवस आधी
२०२५: २ ऑक्टोबर, १२ दिवस आधी
२०२६: २० ऑक्टोबर, ६ दिवस नंतर

दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा दसऱ्याला होतो. अनेक विहारांत १४ ऑक्टोबरलाही वंदना, धम्मदेसना आणि २२ प्रतिज्ञांचे वाचन होते. चंद्रपूरने वेगळी वाट धरली. तिथे बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा दिली, आणि तिथला सोहळा दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला, म्हणजे तारखेनेच होतो. एकाच आठवड्यातल्या, एकाच चळवळीतल्या दोन घटना; एक शहर तिथी धरते, दुसरे तारीख. यातून आपण काय शिकायचे? दोन्ही रीती खऱ्या आहेत. कोणी तारीख धरली म्हणून तो कमी बौद्ध ठरत नाही आणि तिथी धरली म्हणून कोणी पंचांगवादी होत नाही.

असा वाद फक्त आपल्याकडेच आहे, असेही नाही. शिवजयंतीचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. शासन १९ फेब्रुवारी धरते, काही मंडळे फाल्गुन वद्य तृतीया धरतात आणि बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीची जुनी परंपरा आहे. त्यात आणखी एक पेच असा की १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो. ग्रेगोरियन सुधारणा १५८२ मध्ये झाली, पण इंग्रजांनी ती १७५२ मध्ये स्वीकारली आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे तारीखसुद्धा माणसांनी ठरवलेलीच गोष्ट आहे.

एका दिवसाचा फरक कुठून येतो?

कधी एका कॅलेंडरात पौर्णिमा आज आणि दुसऱ्यात उद्या दिसते. त्याचे कारण तिथी आणि दिवस यांची लांबी सारखी नसते, हे आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. त्याला कधी १९ तास लागतात, कधी २६. त्यामुळे तिथी दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी संपू शकते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा सर्वसाधारण नियम आहे.

२०२२ ची बुद्धपौर्णिमा घ्या. पौर्णिमा १५ मेच्या दुपारी सुरू झाली आणि १६ मेच्या सकाळी संपली. सूर्योदयाच्या नियमाने सुट्टी १६ मेला होती. पण पौर्णिमेचा चंद्र पाहत ज्यांना संध्याकाळची वंदना घ्यायची होती, त्यांच्यासाठी पौर्णिमेची रात्र १५ मेची होती. २०२६ मध्ये पौर्णिमा ३० एप्रिलच्या रात्री सुरू होते आणि १ मेच्या रात्री संपते, त्यामुळे तिथे फारसा गोंधळ नाही. विनयातही उपोसथ चौदाव्या किंवा पंधराव्या दिवशी येतो, असे दोन्ही प्रकार मानलेले आहेत. एका दिवसाच्या फरकावरून भांडण्याचे कारण भिक्खू संघालाही वाटले नव्हते.

थायलंडची बुद्धपौर्णिमा महिनाभर उशिरा कशी?

समाजमाध्यमांवर दर दोन-तीन वर्षांनी एक प्रश्न फिरतो: "भारतात बुद्धपौर्णिमा झाली, मग थायलंडमध्ये आता कशी?" २०२३ मध्ये आपल्याकडे ५ मेला बुद्धपौर्णिमा झाली, थायलंडमध्ये ३ जूनला. २०२६ मध्ये आपल्याकडे १ मे, थायलंडमध्ये ३१ मे.

कारण अधिक महिना कुठे घालायचा, याचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक ठरतो. त्यामुळे तो कधी ज्येष्ठ असतो, कधी श्रावण, कधी आश्विन. थायलंडमध्ये अधिक महिना नेहमी आषाढच असतो, आणि अशा वर्षी वैशाखाचा उत्सव एक महिना पुढे नेतात.

२०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे. बुद्धपौर्णिमा १ मे, मग अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा ३१ मे, मग निज ज्येष्ठाची, आणि आषाढ पौर्णिमा २९ जुलैला. थायलंडमध्येही आषाढ पौर्णिमा २९ जुलैलाच आहे. म्हणजे वैशाखात महिनाभर लांब गेलेले दोन देश आषाढात पुन्हा एका दिवशी भेटतात.

२०२३ मध्ये उलटे झाले. आपली आषाढ पौर्णिमा ३ जुलैला होती आणि थायलंडची १ ऑगस्टला. नंतर आपल्याकडे अधिक श्रावण आला. त्यामुळे आषाढ ते आश्विन पौर्णिमा धरून चालणाऱ्या आपल्या विहारांत वर्षावासाचा कार्यक्रम तीनऐवजी जवळजवळ चार महिने चालला. २०२० मध्ये अधिक आश्विन होता, तेव्हाही हेच घडले. ५ जुलैला सुरू झालेला वर्षावास ऑक्टोबरच्या अखेरीला संपला. खरे तर विनयाप्रमाणे वर्षावास तीन महिन्यांचा. अधिक महिन्यामुळे आपल्याकडे तो लांबतो, हे उपासक-उपासिकांना आधीच सांगितले पाहिजे, म्हणजे ग्रंथवाचनाची आखणी नीट होते.

भारताबाहेर पाहिले तर उत्तरे आणखी वेगळी आहेत. जपानने एकोणिसाव्या शतकात सौर कॅलेंडर स्वीकारले आणि बुद्धजन्म ८ एप्रिलला पक्का केला. चीन आणि कोरियात तो चांद्र चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी असतो. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये वेसाक दिनाला मान्यता देताना 'मे महिन्यातली पौर्णिमा' म्हटले. पण २०२६ च्या मेमध्ये १ आणि ३१ अशा दोन पौर्णिमा आहेत! सिंगापूरला तर २०२३ ची वेसाकची जाहीर केलेली सुट्टी ३ जूनवरून २ जूनला आणावी लागली होती. सरकारचेही हिशेब चुकतात.

या सगळ्यात विनयपिटकाच्या महावग्गातली एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मगधाचा राजा बिंबिसार याला वर्षावास एक महिना पुढे जावा असे वाटत होते. त्याने भिक्खूंना तसे कळवले. तथागतांनी यावर वाद घातला नाही. अशा बाबतीत राजाप्रमाणे चालायला त्यांनी भिक्खूंना अनुमती दिली. कालगणना ही लोकांच्या सोयीची व्यवस्था आहे, धम्माचे सार त्यात नाही, असा अर्थ मी यातून घेते.

मग पंचांग पाहायचे की नाही?

काही तरुण कार्यकर्ते विचारतात, आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या, मग तिथी कशाला मानायची? प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

चंद्र आज कुठे आहे, पौर्णिमा किती वाजता संपते, हे खगोलशास्त्र आहे. समुद्राची भरती-ओहोटीही त्यावरच चालते. ते कोणाच्या मालकीचे नाही. पण अमुक तिथी शुभ, तमुक अशुभ, अधिक महिन्यात लग्न करू नये, जावयाला वाण द्यावे, मुहूर्त पाहून घरात शिरावे, हे फलज्योतिष आणि रूढी आहेत. त्यांना आपण नाकारले आहे. पौर्णिमेला विहारात जाणे आणि मुहूर्त काढायला जाणे, या दोन गोष्टी एक नाहीत.

भारत सरकारनेही हा भेद केला होता. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. देशात सुमारे ३० वेगवेगळी पंचांगे चालू असल्याचे तिला आढळले. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, सौर पद्धतीची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. कोलकात्याचे पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर दरवर्षी राष्ट्रीय पंचांग काढते. तिथीची वेळ पाहायची असेल तर हा सरकारी आधार उपलब्ध आहे. भटजीला विचारण्याची गरज नाही.

सुट्टी, पगार आणि आपला हक्क

आता पोटाच्या प्रश्नाकडे येऊ. तिथीचा सण जेव्हा तारखेच्या सुट्टीवर येऊन पडतो, तेव्हा कामगाराची एक सुट्टी बुडते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीलाच आला. २०२६ मध्ये बुद्धपौर्णिमा १ मेला, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनाला आली. शिवाय १४ ऑक्टोबर ही सार्वजनिक सुट्टी नाही.

दुकाने आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. तो जिथे लागू आहे तिथे वर्षाला सणांच्या आठ पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यातल्या चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी स्थानिक परिस्थिती पाहून, वर्ष सुरू होण्याआधी, आपसात ठरवायच्या असतात. याशिवाय आठ दिवसांची नैमित्तिक रजा वेगळी. कारखान्यांत मात्र नियम आणि करार वेगळे असू शकतात, तिथे युनियनला विचारावे.

यातला कळीचा शब्द 'वर्ष सुरू होण्याआधी' हा आहे. डिसेंबरात आपण तोंड उघडले नाही, तर त्या चार सुट्ट्या दुसऱ्यांच्या सणांनी भरतात आणि १४ एप्रिलला आपल्याला 'अर्धा दिवस तरी द्या' म्हणून विनवणी करावी लागते. बुद्धपौर्णिमा १ मेवर आली, तर ती सुट्टी कायद्याने आधीच मिळालेली आहे. तिच्यासाठी चारपैकी एक खर्च करायची गरज नाही. ती एक १४ ऑक्टोबरसाठी मागता येते. हे कळायला कॅलेंडर समजावे लागते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ६ डिसेंबरचा कार्यक्रम झाला की, गावातल्या सगळ्या मंडळांनी, महिला मंडळाने आणि बौद्धाचार्यांनी एकत्र बसून पुढच्या वर्षाची यादी करावी. एका पानावर तारखेचे दिवस, दुसऱ्या पानावर पौर्णिमा, सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळेसह. ही यादी विहाराच्या फलकावर लावावी आणि व्हॉट्सॲपवर पाठवावी. अधिक महिना कधी आहे, ते ठळक लिहावे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी एक साधी विभागणी चालते. दसऱ्याला ज्यांना नागपूरला जायचे आहे ते जातील. रेल्वेचे आरक्षण त्या यादीवरून वेळेत होईल. गावातला कार्यक्रम १४ ऑक्टोबरला संध्याकाळी ठेवावा, म्हणजे कामावरून परत आलेल्यांनाही येता येते. शिवाय दसऱ्याला कोल्हापुरात शाही दसऱ्याची गर्दी आणि पोलीस बंदोबस्त असतो, मिरवणुकीच्या परवानगीला अडचण येते. १४ ऑक्टोबरला ती बहुतेक वर्षी येणार नाही.

आणि मुलांना हे सगळे शिकवावे. पौर्णिमेच्या रात्री वंदना झाली की त्यांना विहाराबाहेर आणून चंद्र दाखवावा, रोज तो किती उशिरा उगवतो ते वहीत लिहायला लावावे. महिनाभरात तिथी म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. 'या आणि स्वतः पाहा' असे म्हणणारा आपला धम्म आहे. चंद्राच्या बाबतीतही ते लागू आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.